पंच्याहत्तर रुपयांचा करार

फर्ग्युसन महाविद्यालयाच्या पहिल्या पिढीतल्या शिक्षकांच्या पगाराचा आकडा महाराष्ट्रात बऱ्याच जणांना पाठ आहे: महिना ७५ रुपये. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ साली स्थापन झाली, पुढच्याच जानेवारीत कॉलेज सुरू झालं आणि संस्थेच्या आजीव सदस्यांनी वीस वर्षं याच पगारावर शिकवायचं असं ठरलं. टिळक, आगरकर, वामन शिवराम आपटे, मागून आलेले गोखले, ही सगळी पदवीधर मंडळी. त्या काळी पदवी हातात असलेल्या माणसाला सरकारी नोकरीसाठी फार वणवण करावी लागत नसे आणि सरकारी कॉलेजातल्या प्राध्यापकाचा पगार याच्या कितीतरी पट होता. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी तर मिळत असलेली सरकारी शाळेतली नोकरी सोडून १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल काढलं होतं. मुलगा आता मोठ्या पगारावर जाईल ही आशा ठेवू नकोस, असं आगरकरांनी आईला कळवलं, ते पत्र आपल्या कित्येक पिढ्यांनी वाचलं.

हे सगळं आपण त्यागाची गोष्ट म्हणून ऐकत आलो. मला त्यात दुसरंही काही दिसतं, आणि हा लेख लिहायला बसण्याचं तेच कारण आहे. तो करार होता. सगळ्या आजीव सदस्यांची पायरी एकच होती. मुदत ठरलेली होती. आयुर्विम्याची सोय होती. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लर झाले. देशातल्या कोणत्याही सरकारी कॉलेजाने त्यांना पायघड्या घातल्या असत्या. परत आल्यावर ते फर्ग्युसनमध्ये आजीव सदस्याच्या त्याच मर्यादित पगारावर रुजू झाले आणि १९०२ साली प्राचार्य झाले. आपण काय सोडतो आहोत, किती वर्षांसाठी सोडतो आहोत आणि बदल्यात संस्था आपल्याला काय देणं लागते, हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

आणि तरीही ती मंडळी पैशावरूनच भांडली. घर वाढलं, खर्च वाढला, तेव्हा पगार वाढवायचा का, सदस्यांनी बाहेरची कामं करून मिळकत करायची का, संस्थेबाहेरच्या पदांना वेळ द्यायचा का, या प्रश्नांवर १८८७ ते १८९० या वर्षांत खडाजंगी झाली. सामाजिक सुधारणांवरचे मतभेद होतेच. पण टिळकांनी १८९० साली संस्था सोडली त्याच्या मुळाशी हा व्यवहारही होता. ज्यांनी मोठा पगार आपणहून नाकारला, त्यांना पैशाचं बोलणं टाळता आलं नाही. मग आज पंचविशीतल्या, चाळिशीतल्या माणसाने मनाजोगत्या कामासाठी पगार अर्ध्यावर आणला, की त्याच्याशी पैशाचं बोलणं असंस्कृतपणाचं का मानलं जातं? गेल्या वर्षभरात अशा काही माणसांशी मी बोललो. कुणालाच नाव छापून यायला नको होतं, म्हणून इथे नावं नाहीत.

पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका बाईंपासून सुरुवात करतो. वय बेचाळीस. हिंजवडीतल्या एका कंपनीत तेरा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग, शेवटी पंधरा जणांच्या टीमची जबाबदारी. हातात महिन्याला एक लाख वीस हजार यायचे. आता एका छोट्या विश्वस्त संस्थेच्या मराठी शाळेत दुसरीचा वर्ग घेतात आणि चौतीस हजार मिळतात. मुलं त्यांना ‘ताई’ म्हणतात.

मी गेलो त्या दिवशी हातच्याची वजाबाकी चालली होती. प्रत्येक मुलापुढे आइस्क्रीमच्या काड्या. दहा-दहा काड्यांना रबरबँड लावून केलेल्या जुड्या आणि काही सुट्ट्या. फळ्यावर बेचाळीस वजा सतरा. चार जुड्या, दोन सुट्ट्या. दोनातून सात कसे द्यायचे? वर्गात बराच वेळ कुजबुज. एका मुलीने एक जुडी हातात घेतली, ताईंकडे पाहिलं आणि विचारलं, ‘‘ताई, ही सोडली तर चालेल?’’ ताई काहीच बोलल्या नाहीत. मुलीने थोडा वेळ वाट पाहिली आणि रबरबँड ओढून काढला. काड्या बाकावर पसरल्या. तिने मोजल्या, सात बाजूला केल्या, उरलेल्या पुन्हा मोजल्या, तीन जुड्यांतली एक परत दिली आणि मग एकदम मोठ्याने ‘‘पंचवीस!’’ म्हणाली. शेजारच्या मुलाने ते उत्तर उतरवून घेतलं नाही. त्याने आपली जुडी सोडली.

‘‘मी तेव्हा ‘हो, सोड’ म्हटलं असतं तर ते उत्तर माझं झालं असतं,’’ मधल्या सुट्टीत त्या म्हणाल्या. ‘‘गप्प बसायला शिकायला मला दीड वर्ष लागलं.’’

आधीच्या कामाला त्या नावं ठेवत नाहीत, हे मला फार आवडलं. नोकरी सोडणारी माणसं पुष्कळदा जुन्या जगाला चूल, तुरुंग, घाण्याचा बैल असं काहीबाही म्हणतात. तसं म्हटल्याशिवाय आपला निर्णय त्यांना स्वतःलाच पटत नसावा. या बाई म्हणाल्या, ‘‘टेस्टिंगचं काम मला येत होतं, आवडतही होतं. चूक शोधून काढण्यात मजा असते. पण वरच्या पदावर गेल्यावर माझ्या वाट्याला चुका येईनात. मीटिंगा आल्या, रेटिंग आली, कुणाला यादीतून काढायचं ते आलं. हातातलं काम गेलं आणि पगार वाढत राहिला.’’ असं मी आणखी तिघा-चौघांकडून ऐकलं. पगार चांगला आणि काम वाईट, अशी त्यांची तक्रार नव्हती. बढतीने त्यांचं आवडतं काम काढून घेतलं होतं.

त्यांची वही मी मागून घेतली. शंभर पानी, लाल पुठ्ठ्याची. नोकरी सोडण्याआधी चार वर्षं त्या ती लिहीत होत्या. पहिल्या पानावर घराचं कर्ज: पन्नास लाख, वीस वर्षं, साडेआठ टक्के, महिन्याचा हप्ता साधारण त्रेचाळीस हजार चारशे. बदलत्या व्याजदराचं गृहकर्ज मुदतीआधी फेडलं तर बँकेला दंड लावता येत नाही, हे त्यांनी आधी पक्कं विचारून घेतलं आणि मग दरवर्षीचा बोनस, नवरा-बायको दोघांचाही, त्या कर्जात घातला. दुसऱ्या पानावर ग्रॅच्युइटी. पाच वर्षं सलग नोकरी झाली की ती मिळते आणि तिचं गणित सरळ आहे: शेवटचा मूळ पगार, त्याला पंधराने गुणायचं, सव्वीसने भागायचं आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. मूळ पगार साठ हजार, वर्षं तेरा, म्हणजे साडेचार लाख. ते साडेचार लाख त्यांनी ‘बारावीपर्यंतची फी’ असं लिहून बाजूला ठेवले.

तिसऱ्या पानावर सासू-सासरे. कंपनीच्या विम्यात ते दोघं होते, आणि नोकरीच्या शेवटच्या दिवशी तो विमा संपतो. सासऱ्यांना मधुमेह. आधीपासून असलेल्या आजाराला नव्या पॉलिसीत तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून नोकरी चालू असतानाच त्यांची वेगळी पॉलिसी काढली, तो थांबायचा काळ नोकरीत असतानाच पार पडला आणि मगच राजीनामा दिला. ‘‘माझ्या वर्गातल्या मुलांवर माझं जेवढं लक्ष आहे ना, ते या पानामुळे आहे,’’ असं त्या म्हणाल्या. मला हे वाक्य पूर्ण पटलं. ज्याच्या घरात आजारपणाची टांगती तलवार आहे, त्याचं मन वर्गात राहत नाही.

खर्चाच्या यादीत एका ओळीवर काट मारून ती पुन्हा लिहिलेली होती: ‘पोळ्यांच्या मावशी’. पगार कमी झाल्यावर पहिला विचार साहजिक हाच आला की आता पोळ्या घरी करू. दोन दिवस त्यांनी तसं ठरवलंही. ‘‘मग वाटलं, समाधान मला मिळणार आणि पगार तिचा जाणार, हे कसं? ती माझ्याकडे नऊ वर्षं येते.’’ मावशी राहिल्या, त्यांचा दिवाळीचा बोनसही राहिला. दुसरी गाडी गेली, वर्षाचं एक लांबचं सहल-प्रकरण गेलं, भाच्याच्या मुंजीतला आहेर निम्मा झाला. त्या आहेरावरून नात्यात कुणीतरी बोललं, ते त्यांना लागलं. सांगताना त्यांनी नजर खिडकीकडे वळवली. ज्याला आपण पगार म्हणतो त्यात चार माणसांत मिळणारी वागणूकही येते आणि ती कमी होते तेव्हा कोणत्याही वहीत मांडता येत नाही.

आकड्यांचंच निघालं आहे तर एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती लोकांच्या लक्षात येत नाही. पगार निम्मा झाला म्हणजे हातातली रक्कम निम्मी होते असं नाही. २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या नव्या करप्रणालीत एखाद्याचा वर्षाचा पगार पावणेपंचवीस लाख असेल, तर पंचाहत्तर हजारांची प्रमाणित वजावट जाऊन उरलेल्या चोवीस लाखांवर उपकरासकट ३ लाख १२ हजार कर बसतो. तोच माणूस पावणेतेरा लाखांच्या कामावर गेला तर कर शून्य. म्हणजे कागदावरचा पगार साडेअठ्ठेचाळीस टक्क्यांनी उतरला, तरी घरात येणारी रक्कम एकेचाळीस टक्क्यांच्या आसपास उतरते. उलट बाजूही आहे: भविष्यनिर्वाह निधीत मालकाचा वाटा कमी होतो किंवा छोट्या संस्थेत तो नसतोच, आणि त्याची झळ आज लागत नाही, वीस वर्षांनी लागते. निर्णय घेणाऱ्या बहुतेकांनी पहिल्या दोन वर्षांचा हिशेब केलेला असतो. साठीचा फार थोड्यांनी.

पैसा आणि सुख यांच्या नात्यावर डॅनियल कानेमन आणि अँगस डीटन यांचा २०१० सालचा एक अभ्यास वारंवार सांगितला जातो. अमेरिकेत वर्षाला सुमारे पंचाहत्तर हजार डॉलरच्या पुढे उत्पन्न वाढलं तरी रोजचा आनंद वाढत नाही, असा त्यातला निष्कर्ष होता. नोकरी सोडण्याच्या व्याख्यानांत तो हटकून येतो. पुढचा भाग मात्र कुणी सांगत नाही. मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांना २०२१ साली वेगळं दिसलं, आनंद वाढतच राहतो असं. आणि २०२३ साली कानेमन, किलिंग्जवर्थ आणि बार्बरा मेलर्स यांनी मिळून तपासलं तेव्हा बहुसंख्य लोकांच्या बाबतीत उत्पन्नाबरोबर आनंद वाढत जातो, फक्त जे मुळात दुःखी आहेत त्यांच्या बाबतीत एका टप्प्यानंतर थांबतो, असं निघालं. तेव्हा पैशाने काही होत नाही, असं म्हणून कुणाला राजीनामा द्यायला लावू नये. पैशाने पुष्कळ होतं. त्याहून हवंसं काही समोर असेल, तरच कमी पैसे घेण्याला अर्थ आहे.

आता एक तरुण. हिंगोली जिल्ह्यातला, अठ्ठावीस वर्षांचा, घरातला पहिला इंजिनिअर. वडिलांची तीन एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. पुण्यात पहिली नोकरी लागली तेव्हा गावात पेढे वाटले गेले. दोन वर्षांनी त्याने ती सोडली आणि आदिवासी भागातल्या आश्रमशाळांत विज्ञान शिकवण्याच्या एका दोन वर्षांच्या कार्यक्रमात गेला. मानधन आधीच्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. त्या दोन वर्षांविषयी तो बोलतो तेव्हा त्याचा आवाज बदलतो. मुलांनी भंगारातल्या पाइपची दुर्बीण बनवली, रात्री वसतिगृहाच्या गच्चीवर गुरूचे चंद्र पाहिले, वॉर्डनही रांगेत उभे राहिले. पुढे तिथेच राहायचं त्याचं ठरत आलं होतं.

मग एका वर्षी सोयाबीन काढणीच्या वेळी पाऊस आला आणि उभं पीक गेलं. त्याच सुमारास बहिणीचं लग्न ठरलं. तो परतला. आज पुन्हा पुण्यात आहे, पगार चांगला आहे. ‘‘माझ्याबरोबर जे होते त्यांतले निम्मे अजून तिथे आहेत,’’ तो म्हणाला. ‘‘त्यांचे आई-वडील प्राध्यापक, डॉक्टर, बँकेत. घराकडून त्यांना पैसे येत नसतील, पण घराला त्यांच्याकडून पैसे लागत नाहीत. माझ्या घराला लागतात.’’

मला वाटतं, या विषयावरच्या बहुतेक लेखांत आणि भाषणांत जी उणीव आहे ती या वाक्यात सापडते. मनाजोगतं काम निवडणं ही धैर्याची बाब आहे, पण धैर्याच्या आधी जमिनीचा, जातीचा, बापाच्या पेन्शनचा प्रश्न येतो. पहिल्या पिढीत पगार घरात आला आहे अशा मुलाला ‘पैशाच्या मागे धावतोस’ म्हणून कुणी हिणवू नये. हा मुलगा धावत नाही, ओझं उचलतो आहे. आणि त्याला आश्रमशाळेतच ठेवणं शक्य होतं. मानधन तिसऱ्या हिश्श्याऐवजी दोन-तृतीयांश असतं तर बहिणीच्या लग्नाचं कर्ज फेडत तो तिथे राहिला असता. हे त्याने स्वतः मांडून दाखवलं.

म्हणून आता संस्थांकडे वळायला हवं. स्टुअर्ट बंडरसन आणि जेफ्री थॉम्पसन या दोघा अमेरिकी संशोधकांनी प्राणिसंग्रहालयात जनावरांची देखभाल करणाऱ्या माणसांचा अभ्यास केला. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. ही माणसं शिकलेली, पगार तुटपुंजा, काम घाणीचं आणि कष्टाचं. ज्यांना हे काम आपल्याचसाठी आहे असं वाटत होतं, त्यांना त्यात खोल अर्थ सापडत होता. तीच माणसं पगार, वेळ, आराम सोडायला तयार होती. आणि वरिष्ठ आपल्या या ओढीचा गैरफायदा घेतात की काय, हा संशयही त्यांनाच जास्त होता. मी हे वाचलं तेव्हा मला आपल्याकडचे बालवाडीच्या ताई, ग्रंथपाल, छोट्या मासिकांचे उपसंपादक, नाट्यसंस्थांचे तंत्रज्ञ आठवले. ‘पगारासाठी येणारी माणसं आम्हाला नकोतच’ हे वाक्य मी अनेक विश्वस्तांच्या तोंडून ऐकलं आहे. बोलणाऱ्याला ते उदात्त वाटतं. ज्याने ते ऐकून सही केली त्याला पाच वर्षांनी दाताच्या उपचारासाठी उसनवारी करावी लागते.

विदर्भातल्या एका आरोग्यसंस्थेच्या संचालक बाईंनी मला त्यांचं पगारपत्रक उघडून दाखवलं. वीस वर्षं त्यांच्याकडे ‘मानधन’ होतं; आता वेतनश्रेणी आहे. सगळ्यांत कमी आणि सगळ्यांत जास्त पगारात चारपटीहून अधिक अंतर ठेवायचं नाही, भविष्यनिर्वाह निधी सगळ्यांना, कुटुंबाचा आरोग्यविमा सगळ्यांना, आणि जाहिरातीतच पगाराचा आकडा छापायचा. ‘‘आमची माणसं पैशासाठी जात नव्हती,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आईचं ऑपरेशन निघालं की जात होती. मूल पाचवीत गेलं की जात होती. आम्ही त्याला वैयक्तिक कारण म्हणायचो. वर्षानुवर्षं तेच कारण येत राहिलं, तेव्हा कळलं की हे आमचं कारण आहे.’’

यात देणगीदारांचाही वाटा मोठा आहे. इमारतीला पैसे मिळतात, रुग्णवाहिकेला मिळतात, त्यांवर नाव घालता येतं. नर्सच्या पगारावर कुणाचं नाव घालणार? परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली आणि त्या पैशातून करता येणाऱ्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली गेली. हिशेबनीस, व्यवस्थापक, कार्यालय सांभाळणारी माणसं, जी नसली तर डॉक्टरला औषधं मोजत बसावं लागतं, ती ‘अवांतर’ ठरतात. संचालक बाई दरवर्षी प्रत्येक देणगीदाराला एक पत्र लिहितात: आमचा सगळ्यांत मोठा खर्च माणसं हा आहे, तो तुमच्या प्रकल्पात धरा. काही धरतात. बाकीच्यांना त्यांनी नाही म्हणायला सुरुवात केली आहे.

राहिलं घर. कमी पगाराची गोष्ट सांगताना सांगणारा बहुधा एकटाच असतो आणि पैसे पुरवून वापरणारी व्यक्ती आतल्या खोलीत. महाराष्ट्राच्या इतिहासात हे इतक्या ठिकाणी दिसतं की डोळ्यांआड करणं कठीण आहे. भाऊराव पाटील ओगले आणि किर्लोस्करांच्या मालाची विक्री करत गावोगाव फिरायचे, चांगली मिळकत होती. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि पुढे साताऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलांना जेवायला घालण्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी एकेक दागिना काढून दिला, शेवटी मंगळसूत्रही. १९३० साली त्या गेल्या. बाबासाहेब आंबेडकर १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगार ४५० रुपये. तो पैसा साठवून आणि नोकरी सोडून ते १९२० साली अपुरं राहिलेलं शिक्षण पुरं करायला लंडनला गेले. परळच्या चाळीत रमाबाईंनी ती वर्षं कशी काढली हे त्यांच्या चरित्रांत आहे. महर्षी कर्वे फर्ग्युसनमधलं शिकवणं आटोपून हिंगण्याच्या आश्रमाकडे पायी जात, हे आपण कौतुकाने सांगतो. त्यांच्या पत्नी बाया कर्व्यांनी ‘माझे पुराण’मध्ये त्याच संसाराची दुसरी बाजू स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवली आणि त्यातली ओढाताण लपवली नाही. आगरकर १८९५ साली एकोणचाळिसाव्या वर्षी गेले, तेव्हा स्वतःच्या अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी बाजूला बांधून ठेवले होते, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढचा सगळा काळ त्यांच्या पत्नी यशोदाबाईंचा होता.

आटपाडी तालुक्यात पाणलोटाचं काम करणारा एक स्थापत्य अभियंता मला भेटला. मुंबईत पुलांची कामं करायचा. नऊ वर्षांपूर्वी तो पगाराच्या चौथ्या हिश्श्यावर इकडे आला. ओढ्याकाठी उभं राहून त्याने मला जमिनीतले थर समजावले: वर मुरूम, खाली फुटका बेसॉल्ट, त्याखाली अखंड खडक, पाणी कुठे मुरेल आणि कुठे नुसतंच तुंबून उन्हात उडून जाईल, ते थर पाहून कळतं आणि बंधारा चुकीच्या जागी बांधला तर सिमेंट वाया जातं. तो ज्या आत्मीयतेने हे सांगत होता, ती पाहून पगाराचा प्रश्न विचारायला मला जड गेलं. त्याचं घर विट्यात आहे. त्याची पत्नी सहकारी बँकेत काम करते. प्रश्न तिला विचारला.

‘‘यांचे सत्कार होतात, मला आनंद होतो,’’ ती म्हणाली. ‘‘शाली आहेत, स्मृतिचिन्हं आहेत. पण मला दोनदा अधिकारीपदाची बढती आली आणि दोन्ही वेळा मी नाकारली. बढती म्हणजे बदली, आणि बदली म्हणजे मुलाची शाळा, सासूबाईंचा दवाखाना, सगळं हलवायचं. त्यांचा पगार चौथ्या हिश्श्यावर आला हे सगळ्यांना माहीत आहे. माझा वाढला नाही, हे कुणी मोजलं नाही.’’

तो शेजारीच बसला होता. थोड्या वेळाने त्याने सांगितलं की तिसऱ्यांदा हा प्रश्न आला तेव्हा दोघांनी बसून पहिल्यांदाच सगळं मांडलं. घरात येणारे पैसे दोघांचे मिळून किती, बढती घेतली असती तर आजवर किती आले असते, आणि तो जे काम करतो त्याला घरातून आजवर किती पैसे गेले. शेवटचा आकडा अकरा लाखांच्या वर निघाला. तो त्याला ठाऊक नव्हता. तिलाही इतका वाटला नव्हता.

येत्या जूनमध्ये बँकेची बढतीची यादी पुन्हा लागणार आहे. या वेळी नाव आलं तर ती होकार देणार आहे. बदली कोल्हापूरला होण्याची शक्यता जास्त. मग बिऱ्हाड तिकडे हलेल, सासूबाईही येतील. आठवड्यातले चार दिवस तो आटपाडीत राहून काम करील आणि तीन दिवस घरी. संस्थेने पगार त्या प्रमाणात कमी करायचं सुचवलं, तेव्हा त्याने दोन गोष्टी लेखी मागितल्या: कापून उरलेला नेमका आकडा, आणि भविष्यनिर्वाह निधी चालू राहील याची हमी. पहिलं पत्र आलं आहे. दुसऱ्याची तो वाट पाहतो आहे.